अबोल्यातली पाणीमोजणी

तीर्थरूप नानांच्या चरणी जावयाचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असावी असा माझा अंदाज आहे. अंदाज म्हणतो, कारण हल्ली ती विचारण्याची सोय राहिलेली नाही. पण सकाळी अंगणात उभं राहून आपण जे खाकरता, ते कालवा ओलांडून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत स्वच्छ ऐकू येतं आणि त्यात पूर्वीचाच दम आहे. आपली कन्या चहाचं आधण ठेवता ठेवता थांबते, कान देते, आणि "नानांचा कफ सुटला" असं म्हणून पुढच्या कामाला लागते. आईंची कंबर कशी आहे? (कंबर खाकरत नसल्यामुळे इकडून काही कळत नाही.) आमच्याकडे सर्व क्षेम आहे. माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं होतं, ते पुन्हा येऊ लागलं आहे. कसं गेलं ते पुढे येईलच.

समोरासमोरच्या काठांवर राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना पत्र लिहावं हे बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. परंतु माझा फोन आपण उचलत नाही. फाटकाशी आलो की कुत्रा सोडता (तो बिचारा येऊन माझे बूट चाटतो, पण आपला हेतू पोचतो). आणि परवा भाजीच्या दुकानात आपण समोरासमोर आलो तेव्हा मला उद्देशून जे काही बोललात, ते कोबीच्या गड्ड्याकडे बघून बोललात. "घरभेदी" हा शब्द मी ऐकला. त्या कोबीनंही ऐकला असावा, कारण नंतर तो कुणी घेतला नाही. तेव्हा म्हटलं, झालं तसं सगळं पहिल्यापासून लिहून काढावं. आपण एकदा सावकाश समजून घ्यावं, आणि मग मला जे म्हणायचं ते माझ्याकडे बघून म्हणावं.

मुळात हे पाणी मोजायचं यंत्र आलं ते आपल्यामुळे, हे मी कुणाहीसमोर सांगायला तयार आहे. पुलाच्या वरच्या अंगाला पाणी घेतात ते वरचे, खालच्या अंगाला घेतात ते खालचे, आणि "वरच्यांना पाणी, खालच्यांना ओल" हे आपलं वाक्य आमच्या कालव्याच्या कार्यालयातल्या शिपायालासुद्धा पाठ आहे (चहा कमी आला की तो ते वापरतो). पाणीवाटपाच्या बैठकीत खालच्या मंडळाचे अध्यक्ष या नात्यानं आपण टेबलावर मूठ आपटून म्हणालात, की आमच्या वाट्याचं पाणी आम्हाला मोजून द्या. वरच्यांचे अध्यक्ष बॅटरीवाले (यांचं बॅटरीचं दुकान आहे, पण नाव दुकानावरून पडलं की बोलता बोलता मध्येच आवाज बसतो त्यावरून, हे नक्की सांगता येत नाही) म्हणाले, की खुशाल मोजा. मोठ्या साहेबांची जेवायची वेळ झाली होती. त्यांनी पाण्याखाली बसवायचं यंत्र तिथल्या तिथे मंजूर केलं आणि बसवण्याचं काम माझ्याकडे दिलं. वरच्यांनी हरकत घेतली, की हा अध्यक्षांचा जावई. खालच्यांनीही हरकत घेतली, आणि त्यांचंही कारण तेच होतं, कारण त्यांतल्या बहुतेकांना स्वतःला जावई आहेत. मोठे साहेब उठता उठता म्हणाले, दोन्ही बाजूंना जो नको तोच निःपक्षपाती. माझ्या सगळ्या नोकरीत हा शब्द मला पहिल्यांदाच लागला. घरी येऊन मी तो आपल्या कन्येला सांगितला, तर तिनं विचारलं, त्याचे पगारात काही मिळतात का.

यंत्र येणार म्हणून कार्यालयानं एक खोली रिकामी केली, जुनी कपाटं व्हरांड्यात काढली आणि ट्रकमधून उतरवायला हमाल सांगून ठेवले. कुरिअरवाला ते बगलेत मारून घेऊन आला. अंगाच्या साबणाच्या वडीएवढा सेन्सर, त्याला लांबलचक केबल, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारा एक डबा. मोठ्या साहेबांनी ती वडी तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, आणि बाकीचं कुठे आहे असं विचारलं. बाकीचं काही नाही, हेच यंत्र, हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. आपल्यालाही ते कधी नीट सांगायचं राहून गेलं, म्हणून इथेच सांगतो. ही वडी कालव्याच्या तळाशी बोल्टांनी पक्की करायची. ती पाण्यात एक आवाज सोडते, माणसाला ऐकू न येणारा. पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीकसारीक कणांवर तो आपटतो आणि परत येतो. परत येताना त्याचा सूर जेवढा बदललेला असेल, त्यावरून पाणी किती वेगानं चाललं आहे ते वडीला समजतं. खोली ती स्वतःच मोजते. कालव्याचा आकार मात्र आपण तिला सांगायचा, कारण ती तळाशी पडलेली असते, तिला काठ दिसत नाहीत. (हे मी कन्येला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे ती आवाज देऊन परत काय येतं ते बघत बसते, अगदी माझ्यासारखी. मी विषय बदलला.)

बसवण्याचा दिवस आपल्याला आठवत असेलच, कारण आपण तो कुंपणाशी उभं राहून पाहिलात. कालव्याचं पाणी वरून बंद केलं होतं. वरचा दरवाजा उघडण्या-लावण्याचं काम ज्याच्याकडे आहे तो पाटकरी तिकडे दूर वळणावर चाक धरून उभा. आमचं ठरलं होतं, की काम झालं की मी पुलाखालून बाहेर येऊन दोन्ही हात वर करून हलवीन, मग त्यानं पाणी सोडायचं. मी जीपच्या ड्रायव्हरचे गमबूट घातले होते. ड्रायव्हरचा पाय मोठा आहे. चिखलात मी पुढे निघालो की बूट मागे राहायचे, आणि बुटांसाठी थांबलो की पाना हातातून सुटायचा. एकदा तो सरळ अंगठ्यावर पडला (नखाचा उलगडा इथे होतो). तरी प्लेट बसली, बोल्ट आवळले, वडी जागेवर गेली. फक्त केबल काठाला बांधायची राहिली होती. ती घेऊन मी पुलाखालून बाहेर आलो, शेवाळावर पाय सरकला, आणि तोल सावरायला म्हणून मी दोन्ही हात वर केले आणि हलवले. हात दाखवून अवलक्षण ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिचा अर्थ त्या दिवशी गुडघ्यापासून वर चढत चढत माझ्या कमरेला लागला. पाटकरी कामाचा चोख माणूस आहे. त्यानं दरवाजा एका दमात उघडला. मी केबल सोडली नाही, केबलनं मात्र मला सोडलं, आणि आपल्या रोपवाटिकेसमोरून मी वाहत गेलो तेव्हा आपण माळ्याला काहीतरी सांगत उभे होतात. मी वाहता वाहता आपल्याला नमस्कार केला. आपण मान हलवलीत. तेव्हा आपल्यात बोलणं होतं.

त्या दिवशी वरचं वळण कोरडं म्हणून पुलाच्या खालच्या अंगाला डबक्याशी कपडे धुवायला आलेल्या बायकांनी मला बाहेर ओढलं. मी घरी जाऊन कोरडे कपडे घालून आलो आणि सगळ्यांसमोर डबा चालू केला. आकडा आला, पण आकड्याच्या आधी उणे. म्हणजे यंत्राच्या मते पाणी खालून वर चाललं होतं. मी डबा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा उणे. कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्यानं विचारलं, "वडीवर बाण आहे, तो कुठल्या दिशेला आहे?" मी म्हटलं, "पाणी जातं त्या दिशेला." तो म्हणाला, "अहो, वडीनं येणाऱ्या पाण्याकडे तोंड करायचं असतं. पाहुणा येताना आपण पाठ करून बसतो का?" (त्याला आपला स्वभाव ठाऊक नाही.) तेवढ्यात ही बातमी गावभर झाली. बॅटरीवाले त्यांचं सगळं मंडळ घेऊन आपल्या दारात आले. खालचे लोक इतकी वर्षं आपल्या वाट्याचं पाणी आम्हाला पाठवत होते हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणून त्यांनी आपले जाहीर आभार मानले आणि फुलांचा गुच्छ दिला. तो गुच्छ त्यांनी आपल्याच रोपवाटिकेतून विकत घेतला होता हे नंतर कळलं. माणूस चिडेल नाही तर काय करील. पण ती चीड माझ्यावर निघाली. पहिला अबोला तिथे सुरू झाला, तो मी मान खाली घालून मान्य करतो.

वडी फिरवण्यासाठी दरवाजा दुसऱ्यांदा बंद करायला मोठे साहेब तयार होईनात. तेव्हा मी वाहत्या पाण्यात कमरेला दोर बांधून उतरलो आणि डोळे मिटून, हातानं चाचपत, पाण्याखालचे बोल्ट सैल केले. पुलावर बरीच मंडळी जमली होती आणि प्रत्येकाला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत होतं. डावीकडे म्हणणारे कठड्याच्या एका बाजूला आणि उजवीकडे म्हणणारे दुसऱ्या बाजूला उभे राहिले, आणि मला वाटतं वरचे-खालचे असा भेद विसरून हे गाव एकत्र आलं ते त्या दिवशीच. वडी फिरली. उणे गेलं. दोन दिवस आकडा शहाण्यासारखा वागला.

तिसऱ्या दिवशी तो एकदम शून्यावर आला. पाणी तर डोळ्यांसमोर वाहत होतं. मी पुन्हा उतरलो (आता मला सवय झाली होती, चप्पल काढावी तसे मी कपडे काढून ठेवत असे), तर वडीला एका लॉजची पांढरी चादर घट्ट गुंडाळून बसली होती. वरच्या वळणावर बायका कपडे धुतात तिथून ती सुटून आलेली. मी तडक कार्यालयात गेलो आणि "येथे कपडे धुण्यास सक्त मनाई आहे" असा फलक रंगवून वळणावर रोवला. त्या बायकांमध्ये ज्यांचा शब्द चालतो त्यांना सगळे मुकादमबाई म्हणतात. त्यांनी फलक वाचला, मला नखशिखान्त बघितलं, आणि ज्या हातांनी आपण याला बाहेर ओढलं त्या हातांकडेही एकदा बघितलं. बोचकी उचलून सगळ्या निघून गेल्या.

मग पाणी हळूहळू निवळलं. तळाचे खडे दिसू लागले, मासे दिसू लागले, लोक संध्याकाळी पुलावर येऊन पाणी बघत उभे राहू लागले. वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. आणि वडीनं आकडे दाखवणं बंद केलं. शून्य नाही, उणे नाही, नुसत्या आडव्या रेघा. मी कंपनीच्या माणसाला फोन केला. त्यानं पाण्याची सगळी चौकशी केली आणि म्हणाला, "अभिनंदन. तुमचं पाणी फार स्वच्छ आहे."

"मग अडचण काय?"

"आवाज आपटायला काहीतरी तरंगतं हवं ना. थोडी घाण लागेल."

नाना, आपण व्यवहारी आहात. आपणच सांगा, ज्या माणसानं लोकांना घाण करू नका म्हणून हाकललं, त्यानं त्याच लोकांच्या दारात जाऊन कृपा करून घाण करा असं कोणत्या तोंडानं म्हणावं? माझ्याजवळ एकच तोंड होतं, ते घेऊन मी गेलो. मुकादमबाई उशीचा अभ्रा पिळत होत्या. माझं सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी तो इतका पिळला, की पाण्याऐवजी धागे येऊ लागले. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही घाण करतो म्हणून हाकललंत, आणि आता घाण पुरेना म्हणून बोलावताय." मी म्हटलं, तसंच समजा. त्यांच्या अटी दोन. धुण्याचा हलणारा दगड पक्का करून द्यायचा. आणि फलक काढायचा नाही, बदलायचा. मी दगड सिमेंटनं बसवला आणि फलकावरचं "सक्त मनाई" खोडून "परवानगी" केलं. मोठ्या साहेबांनी जाता जाता तो वाचला आणि ही परवानगी कुणी दिली म्हणून विचारलं. मी म्हटलं, यंत्रानं. त्यांनी फलक पुन्हा एकदा वाचला. (आता बायका कपड्यांचे कोपरे सुट्या दगडांखाली दाबून ठेवतात. चादर पुन्हा आलेली नाही.)

यानंतर आलं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा कान पिळून ते खरं बोलतं की नाही हे ताडून बघणं. त्याची रीत अशी, की पुलावरून एक लांब दांडा पाण्यात सोडायचा. दांड्याच्या टोकाला छोटा पंखा असतो. तो किती फिरला ते मोजायचं, मग हातभर सरकून पुन्हा सोडायचा, असं या काठापासून त्या काठापर्यंत जायचं. सगळ्याची गोळाबेरीज आणि वडीचा आकडा जुळला पाहिजे. आमचा कारकून रजेवर होता, म्हणून आकडे लिहायला आपली कन्या आली. ती अर्ध्या पुलापर्यंत नीट लिहीत होती. अर्धा ओलांडल्यावर तिला आपलं अंगण दिसू लागलं आणि तिचं लक्ष उडालं. येणारे-जाणारे थांबून काय गळाला लागलं विचारत. तिनं एकाला सांगितलं, अजून तरी काही नाही, हातातलं माहेर तेवढं सुटलंय. मी पंखा मोजायचा चुकलो. ते बिंदू पुन्हा घ्यावे लागले.

आकडे जुळले नाहीत. वडी सांगत होती ते दांड्यापेक्षा कितीतरी जास्त. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. दांडा खोटा म्हणावं तर तो नुकताच तपासून आलेला, वडी खोटी म्हणावी तर तिच्यासाठी मी काय काय सोसलं होतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना बादलीतलं पाणी संपत आलं, आणि तळाशी तांब्या आडवा बसेना. वर ऐसपैस रुंद असलेली बादली खाली निमुळती होती. कालव्याचंही तेच आहे, नाना. काठाशी रुंद, तळाशी अरुंद. आणि मी वडीला त्याचा आकार सांगताना काठाची रुंदी मोजून सरळ भिंतीचा कालवा म्हणून सांगितलं होतं. म्हणजे तिच्या हिशेबात दोन्ही अंगांना जिथे माती आहे तिथेही पाणी वाहत होतं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि डब्यात आकार बदलला. मग दांडा आणि वडी अशी जुळली, की मला संशय आला आणि मी आणखी एकदा मोजलं. तरी जुळली. त्या सकाळी मी आणि आपली कन्या पुलाच्या कठड्यावर बसून नुसता तो आकडा बघत राहिलो. तो थोडा वर जाई, थोडा खाली येई, श्वास घेतल्यासारखा. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट आपण खरी मोजली.

म्हणूनच दोन्ही मंडळांसमोर सकाळी मी तो आकडा वाचून दाखवला तेव्हा माझा आवाज थोडा चढला असेल, ती खुशी होती, आपल्याला खिजवणं नव्हतं. खालच्यांना त्यांचा वाटा पुरता मिळतो, असं यंत्र म्हणालं. मी नाही म्हणालो. बॅटरीवाल्यांचा आवाज त्या दिवशी एकदाही बसला नाही. आपण उठून गेलात आणि माझं नाव घरभेदी पडलं.

पण पुढे दुसरंच निघालं, ते आपल्याला ठाऊक आहे. सकाळी वाटा पुरा असतो, रात्री पुरा असतो, पण दुपारी जेवणवेळ टळली की पुलाखालचा आकडा घसरतो. तासाभरानं आपोआप पूर्ववत होतो. मी वडी तपासली, केबल तपासली, दांडा सोडून बघितला, दांडाही तेच म्हणतो. वरच्यांचे सगळे दरवाजे त्या वेळी बंद असतात, हे मी स्वतः पाहिलं. हे कळताच आपण मंडळासह कार्यालयात आलात आणि (माझ्याकडे पाठ करून) म्हणालात, यंत्र सुधारलं, जावई सुधारला नाही, पण चोर आहे हे आता सरकारच्याच डब्यात दिसतं आहे. येत्या गुरुवारी वरच्या दरवाज्यापासून पुलापर्यंत दोन्ही मंडळांनी साहेबांसह काठाकाठानं चालत जायचं, एकेक झुडूप बघायचं, आणि चोर सापडला की त्याचं नाव पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटनं रंगवायचं, ही सूचना आपली. बॅटरीवाले म्हणाले, रंग आमच्याकडून. साहेबांनी होकार दिला. ब्रश धरायला मला सांगितलं आहे, निःपक्षपाती म्हणून.

असो. गुरुवारी काय व्हायचं ते होईल, आपण काळजी करू नये. उन्हाची वेळ आहे, चालताना टोपी घालावी. लेक रोज आठवण काढते. मी काढली तर चालेल की नाही हे माहीत नसल्यामुळे लिहीत नाही. आईंना साष्टांग नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. — एक बारीकशी विनंती राहिली. गुरुवारी सगळ्यांसमोर फजिती नको म्हणून काल दुपारी मी एकटाच वरच्या दरवाज्यापासून काठानं चालत आलो. कुठेच काही सापडलं नाही. पूल चार पावलांवर आला तेव्हा लव्हाळ्यात घुं घुं असा आवाज आला. आधी वाटलं मधमाश्या. लव्हाळं बाजूला केलं तर हिरवा पाइप, चांगला मांडीएवढा जाड, तोंड पाण्यात बुडवून बसलेला. पाइपामागे मी गेलो, पाइप कुंपणाखालून गेला. नाना, कुंपण आपलं आहे. पंप आपल्या कुंड्यांच्या शेडमागे आहे आणि त्याची वायर आपल्या बैठकीच्या खिडकीतून येते. मी कुणाला काही बोललेलो नाही. मोजणी अधिकृत होणार ती गुरुवारच्या पाहणीनंतर, तोवरचे सगळे आकडे कॅलिब्रेशनचे, ते कुणाच्याही बोकांडी बसत नाहीत. पण गुरुवारी मी सगळ्यांच्या पुढे चालणार आहे, आणि लव्हाळ्याशी आल्यावर मला दुसरीकडे बघता येणार नाही. तेवढं मला जमत नाही. तेव्हा बुधवारपर्यंत तो पाइप काढून घ्यावा, एवढ्यासाठी हे सगळं पत्र.

पुन्हा ता. क. — वरचं लिहून झाल्यावर आपल्या कन्येनं पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं. ती म्हणते, नानांवर आळ घेऊ नका. दुपारी जेवल्यावर नाना आडवे होतात ते चहाशिवाय उठत नाहीत, घरावर दरोडा पडला तरी. मग त्या वेळी पंप कोण चालवील? एवढं बोलून ती पदर तोंडावर धरून इतकी हसली, की मला वाटलं ठसका लागला. तिला आठवलं, गेल्या उन्हाळ्यात आपण पाण्यासाठी रोज बैठकांना जात होतात आणि इकडे रोपं माना टाकत होती, तेव्हा आई तिला म्हणाल्या होत्या, "यांचं भांडण मिटेपर्यंत झाडं थांबतील होय? मी आपलं घालून घेते पाणी." कुठून, हे तिनं विचारलं नव्हतं. तेव्हा आपल्यावर घेतलेला संशय मी मागे घेतो आणि हात जोडून क्षमा मागतो. आईंनाही आपण काही बोलू नये. आपली रोपवाटिका आज हिरवी आहे ती भाषणांवर नाही.

शेवटचा ता. क. — पत्र न्यायला दूधवाला दारात येऊन उभा आहे आणि त्याला घाई आहे. तो आत्ता सांगतो, की परवापासून आपले डोळे आले आहेत, डॉक्टरांनी वाचायला बंदी केली आहे, आणि वर्तमानपत्रापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं आईच आपल्याला वाचून दाखवतात. मागचं पान फाडून टाकावं तर त्याच्याच पुढच्या बाजूला माझी सही आहे.

आई, साष्टांग नमस्कार. तुम्ही इथवर मनातल्या मनात वाचलं असेल, तर सहीपर्यंतचंच नानांना ऐकवा, आणि बुधवारी ते आडवे झाले की पाइप ओढून घ्या. जड लागला तर नुसती हाक मारा, मी पोहत येतो. पण मोठ्यानं वाचलं असेल, तर आता झाकण्यासारखं काही उरलं नाही. त्यांना धरून खुर्चीत बसवा आणि प्यायला गार पाणी द्या. नळाचं.